कंट्री म्हणजे देशी का हो?

पहिलं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, मी मान लववली आणि गिटारकडे बघितलं. वरून दुसरी तार उतरली होती. ती चढवली तर तिसरी बेसूर वाटायला लागली. तिसरी जुळवली, पुन्हा दुसरी ऐकली, मग कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, काढला, एक पट्टी वर लावला, तर सगळ्याच तारा थोड्या थोड्या चढल्या. एवढ्यात दोन जण उठून पाणी प्यायला गेले. मागच्या रांगेत एका काकूंनी मंगल कार्यालयाच्या भाड्याचा विषय काढला. पंख्याची घरघर मला गाण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत होती.

घरी येऊन बायकोने काढलेला व्हिडिओ बघितला आणि दोन गाण्यांमधली वेळ मोजली. एक मिनिट चाळीस सेकंद. गाणं अडीच मिनिटांचं होतं.

"गाणं चांगलं झालं हो," ती म्हणाली. "पण मधे तुम्ही हरवल्यासारखे दिसता."

मी भुसावळला मालगाडीचा गार्ड आहे. २०२२ साली आमच्या पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं, पण यार्डात आणि घरात अजून गार्डच. क्वार्टरमध्ये वाढलो. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल होते. रविवारी त्यांच्या घरून अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्ह्जचा मखमली आवाज यायचा. भुसावळच्या जुन्या रेल्वे वस्तीत जिम रीव्ह्ज माहीत नाही असं घर तेव्हा कमी. आम्हाला शब्द कळत नसत, पण चाल पाठ. अंकलने मला तीन कॉर्ड शिकवल्या, जी, सी आणि डी, आणि उजव्या हाताचा अंगठा शिकवला. खालच्या सुरांच्या तारांवर अंगठ्याने एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मधल्या जागेत बोटांनी झणकार. "अंगठा म्हणजे इंजिन, बोटं म्हणजे डबे. इंजिन थांबलं की डब्यांना अर्थ नाही," असं ते मोडक्या मराठीत सांगायचे. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. गिटार मला देऊन गेले. तिची मान वाकल्यावर मी दुसरी घेतली, पण अंगठा तोच राहिला.

जळगावात आमचा संगीत क्लब भरतो तो एका सभासदाच्या घराच्या वरच्या मजल्यावर, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. साठ-सत्तर खुर्च्या, दोन कूलर, एक छोटं व्यासपीठ. सभासद म्हणजे निवृत्त बँकवाले, शिक्षक, दोन डॉक्टर, एक केळीचे व्यापारी. जवळजवळ सगळे कराओके ट्रॅकवर गातात. कराओकेला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. पंचवीस वर्षं काउंटरवर नोटा मोजलेला माणूस हातात माइक घेऊन डोळे मिटतो तेव्हा मला बरं वाटतं. पण ट्रॅकची एक सोय आहे, जी मला एकट्याने उभं राहिल्यावरच कळली. ट्रॅक ट्यून करावा लागत नाही. एक गाणं संपलं की निवेदक येतो, दोन शेर टाकतो, तोवर पुढचा ट्रॅक तयार. मधली जागा कोणीतरी दुसरा भरतो.

क्लब चालवणारे नाना निवृत्त मुख्याध्यापक. मी पहिल्यांदा त्यांना भेटून म्हणालो, मी एकटाच गिटारवर कंट्री गाणी म्हणतो, वीसेक मिनिटं मिळतील का. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कंट्री म्हणजे देशी का हो?"

आपल्याकडे 'कंट्री' शब्द कुठल्या दुकानाच्या पाटीवर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. हसू आवरून मी म्हणालो, "हो नाना, देशीच. तिकडची गावठी." आणि हे उत्तर फारसं चूकही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरी मुलखात स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या लोकांची फिडल आणि लांबलचक गोष्टींची गाणी, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांचा बँजो, चर्चमधली भजनं, या सगळ्यांची मिळून ती भट्टी लागली. १९२७च्या जुलैअखेरीस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवरच्या ब्रिस्टल गावात एका रेकॉर्ड कंपनीने तात्पुरता स्टुडिओ थाटला, आसपासच्या गायकांना बोलावलं. तिथे ऑगस्टच्या सुरुवातीला दोन-तीन दिवसांच्या अंतराने कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. कंट्रीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात.

नानांनी पंचवीस मिनिटं दिली. पाच गाणी, मी हिशोब केला, आरामात बसतील. त्या पहिल्या शनिवारी तीनच झाली, आणि तिसऱ्यालाही निवेदकाने मागून घड्याळ दाखवलं.

दुसऱ्या खेपेला मी उपाय केला तो चुकीचा. निवेदकाला म्हणालो, मधल्या वेळात तुम्ही बोला. त्यांना आनंदच झाला. पहिल्या गाण्यानंतर ते माइकवर आले आणि "अमेरिकेच्या मातीतली ही गझल" असं म्हणून त्यांनी विरहावर तीन मिनिटं उर्दू ऐकवली. पुढचं गाणं होतं एका पळालेल्या कैद्याचं. मी वाजवायला सुरुवात केली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत अजून शमा जळत होती. निवेदकाचा दोष नाही. ज्याचं गाणं त्यानेच त्याच्याआधी तोंड उघडावं, एवढंच.

मग मी यंत्रसामग्रीच्या मागे लागलो. रेल्वेवाल्याचा स्वभाव, बिघाड आधी यंत्रात शोधतो.

खानदेशात उन्हाळ्यात स्टीलच्या तारा हे वेगळंच प्रकरण आहे. बाहेर पारा पंचेचाळीसला, हॉलमध्ये कूलर. गिटार रिक्षातून उन्हात आली की तारा तापून सैल पडलेल्या, सूर उतरलेला. कूलरसमोर दहा मिनिटं बसली की तारा आवळतात, सूर चढतो, आणि दमट हवेने लाकूड फुगायला लागतं ते वेगळंच. पहिल्या वेळी मी पोचल्या पोचल्या ट्यून करून निवांत बसलो होतो, म्हणजे एका हवामानात जुळवून दुसऱ्यात वाजवली. आता तासभर आधी जातो, पेटी उघडून गिटार हॉलमध्ये नुसती ठेवतो, तिला हात लावत नाही. आणि घरी आल्यावर सगळ्या तारा थोड्या सैल करून पेटी बंद करतो.

कूलर माइकमध्येही घुसतो. मे महिन्यात नानांनी माझ्यासाठी कूलर बंद केले. दुसऱ्या कडव्यापर्यंत पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी कार्यक्रमपत्रिकेचा पंखा केला होता, आणि त्यांच्या हाताची लय माझ्या लयीपेक्षा जलद होती. मी स्वतःच म्हणालो, लावा कूलर. घामेजलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख ऐकवू नये.

साउंडवाल्या भाऊशी माझी तीन महिने लढाई चालली ती एकोवरून.

"भाऊ, एको काढा."

"थोडा ठेवतो. नाहीतर कोरडं लागतं."

"कोरडंच पाहिजे."

त्याला पटत नव्हतं. आपल्याकडे एको म्हणजे तुपाची धार, पाहुण्याच्या पानात ती नसली तर यजमानाचीच इज्जत जाते. पण माझा अंगठा 'धम्-छक धम्-छक' करतो, त्यात एको पडला की धम्मवर धम्म चढतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यार्डात शंटिंग चाललंय. शेवटी मी त्याला गिटार हातात दिली, म्हटलं, वाजव आणि ऐक. त्याने एकदा एको टाकून ऐकलं, एकदा काढून. मग काही न बोलता बटण शून्यावर नेलं. गाण्याला मात्र एवढासा ठेवला. तेवढा त्याचा मान.

तिसऱ्या कार्यक्रमात ऐन गाण्यात गिटारचा आवाज खरखरला आणि गेला. गिटारचा आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या पिकअपला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. गिटारमध्ये केबल खोचून ठेवली की वाजवा न वाजवा, ती खर्ची पडत राहते. मी दुपारीच केबल लावून मोकळा झालो होतो. साउंडवाला धावला, मी हाताने 'राहू दे' म्हटलं, माइकच्या मागून पुढे आलो आणि उरलेली दोन कडवी तशीच म्हटली, विनामाइक. साठ-सत्तर माणसांच्या खोलीत माझा आवाज पोचतो हे मला त्या दिवशी कळलं. लोक पुढे झुकून ऐकत होते. तेव्हापासून पेटीत दोन बॅटऱ्या जास्तीच्या असतात, पण एक गाणं मी मुद्दाम विनामाइक म्हणतो.

गाण्यांचा क्रमही बदलला. आधी मी भावनेप्रमाणे लावायचो, दुःखाचं, मग हलकं, मग दुःखाचं. आता कॅपोप्रमाणे लावतो. एका पट्टीतली दोन गाणी लागोपाठ, मग एकदाच कॅपो हलवायचा. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, पण माझे दोन गोंधळ वाचतात.

एवढं सगळं करून मधली जागा एक चाळीसवरून चाळीस सेकंदांवर आली. आणि गंमत अशी की, ते चाळीस सेकंदही तेवढेच जड. शांतता कमी झाली, अवघडलेपण होतं तेवढंच राहिलं.

चौथा कार्यक्रम माझ्याशिवाय झाला. रेस्ट धरून शनिवार मोकळा ठेवला होता, पण शुक्रवारी परतीची गाडी उशिरा मिळाली आणि शनिवारी संध्याकाळी बोदवडला आमची मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी केली. एक मेल गेली, एक एक्स्प्रेस गेली, आणखी एक गेली. प्रत्येकीला मी ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यातून, हिरवा दाखवला. मालगाडीच्या गार्डला थांबायचं शिकवावं लागत नाही, आमच्या नोकरीतला मोठा वाटा उभं राहण्याचा. जळगावात माझं नाव पुकारलं जात असेल त्या वेळी मी पायरीवर बसून रुळांमधल्या खडीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो: इथे तीन तास गप्प बसायला मला काही वाटत नाही, मग तिथे चाळीस सेकंद का खुपतात? इथे मला माहीत असतं, गाडी का उभी आहे. कोणाला पुढे जाऊ द्यायचंय ते समोर दिसतं. हॉलमधल्या लोकांना मी हे सांगितलंच नव्हतं. त्यांची गाडी मी कारण न सांगता लूपमध्ये टाकत होतो.

पाचव्या वेळी मी गिटारचे कान पिळता पिळता बोललो. पहिल्यांदा फक्त खरं ते सांगितलं: "ही तार कूलरवर रुसलीय, दोन मिनिटं तिची समजूत काढतो." हसले लोक. मग हात चालू ठेवून पुढच्या गाण्याकडे वळलो. ते जिमी रॉजर्सच्या घाटाचं होतं, योडलिंगवालं, म्हणून मी त्याची हकिकत सांगितली.

हा मिसिसिपीतल्या मेरिडियनकडचा रेल्वेचा माणूस. ब्रेकमन. म्हणजे पाहायला गेलं तर आमचाच भाऊबंद. १९२४ साली क्षयाचं निदान झालं, रेल्वेची मेहनत झेपेना, आणि तो गाण्याकडे वळला. लोक त्याला 'गाणारा ब्रेकमन' म्हणायचे. त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ४ ऑगस्ट १९२७ला. इथे मी थांबलो आणि विचारलं, "चार ऑगस्ट म्हटल्यावर काय आठवतं?"

हॉलमध्ये निम्मे लोक किशोरकुमारचे भक्त. एका बँकवाल्या काकांनी खुर्चीतून अर्धं उठून सांगितलं, "किशोरदांचा वाढदिवस!" बरोबर. ४ ऑगस्ट १९२९, खांडवा. आणि खांडवा म्हणजे काय लांब नाही, आमची रोजची लाइन. सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, नेपानगर, खांडवा. तिथल्या रनिंग रूममध्ये, गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, मी कितीदा झोपलोय. योडल म्हणजे गाता गाता आवाज छातीतून एकदम डोक्यात फेकायचा आणि परत आणायचा. ते किशोरदांमुळे आपल्या कानांना सवयीचं आहे. फक्त गाणाऱ्या ब्रेकमनच्या तोंडून ते आधी अमेरिकेच्या घराघरांत गेलं होतं.

ही गोष्ट सांगताना माझ्या दोन तारा कधी जुळल्या ते माझं मलाही कळलं नाही.

माझं योडल तसं कच्चं आहे. कोंबड्याला सर्दी झाली तर कसं आरवेल, तसं सुरुवातीला व्हायचं. घरी रियाज करायची सोय नाही, क्वार्टरच्या भिंती पातळ. ब्रेकव्हॅनमध्ये मात्र पुढे अठ्ठावन्न डबे आणि त्याच्या पुढे इंजिन, मागे कोणीच नाही. रूळ आता वेल्ड केलेले, पूर्वीचा खडखडाट यार्डातच काय तो उरलाय, त्यामुळे आवाज स्वतःला नीट ऐकू येतो. एकदा रावेरच्या पुढे, रात्रीचे दोन वाजले असतील, वॉकीटॉकीचं बटण कमरेच्या पट्ट्याखाली दबलेलं राहिलं. इंजिनमधून लोको पायलटचा आवाज आला, "गार्डसाहेब, सगळं ठीक आहे ना? मागे काय झालं?"

हीपण गोष्ट मी सांगितली. हॉलमध्ये जे हशे झाले त्यांत योडल सुरू केलं, आणि ते पहिल्यांदाच कोंबड्यापेक्षा बरं आलं. घसा हसल्यावर मोकळा असतो, असं काहीतरी असेल.

पुढच्या महिन्यात, डिसेंबरात, क्लबची भरीत पार्टी एका सभासदाच्या शेतात होती. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर बामणोदची हिरवी वांगी, बाजूला केळीची बाग. तिथे ना कूलर, ना एको, ना व्यासपीठ. धुराने डोळे चुरचुरत होते आणि थंडीने तारा चढत होत्या. धुळ्याकडून कोणाच्या तरी आजी आल्या होत्या. मी तिसऱ्या गाण्याआधी बराच वेळ बोलत राहिलो तेव्हा त्यांनी भाकरी मोडता मोडता मला हटकलं, "गाणं म्हणस का गोट सांगस रे भो?"

मी म्हटलं, "आजी, दोन्ही."

"मंग गोट पुरी कर पहिले," त्या म्हणाल्या.

त्यांना मी सांगत होतो ते रॉजर्सच्या शेवटाबद्दल. १९३३च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला तो शेवटची गाणी रेकॉर्ड करत होता. आजार इतका वाढलेला की दोन गाण्यांच्या मधे त्याला आडवं होता यावं म्हणून स्टुडिओत खाट टाकलेली. एक गाणं म्हणायचं, खाटेवर पडायचं, उठायचं, दुसरं म्हणायचं. काही दिवसांत, २६ मेला, तो गेला. पस्तीस वर्षांचा होता. मला सगळी गाणी ऐकताना ती खाट दिसते. त्याच्या मधल्या जागेत दम गोळा करणं होतं, आणि मी एक तार उतरली म्हणून कानकोंडा होत होतो.

आजी काही बोलल्या नाहीत. कोणीतरी त्यांच्या पानात भरीत वाढलं. मी गाणं म्हटलं.

गेल्या शनिवारचं सांगून थांबतो. पहिलं गाणं झालं, मी कॅपो काढला आणि नेहमीप्रमाणे सुरू केलं, की ब्रेकमन म्हणजे काय. शेवटच्या रांगेत एक निवृत्त ड्रायव्हर बसले होते, भुसावळचेच, कोणाबरोबर तरी आलेले. त्यांनी हात वर केला.

"त्यांच्याकडे तेव्हा व्हॅक्यूम होता का एअर ब्रेक?"

म्हटलं, एअर. त्याच्याही आधी, एअर ब्रेक यायच्या अगोदर, ब्रेकमन चालत्या गाडीच्या टपावरून धावत एकेका डब्याचा हातब्रेक चाक फिरवून आवळायचे. पावसात, बर्फात. रॉजर्सच्या काळापर्यंत ते संपलेलं, त्याच्याकडे जोडणी, सांधे बदलणं, झेंडी दाखवणं.

"टपावरून?" एका काकूंनी विचारलं. त्याच काकू, मंगल कार्यालयाच्या भाड्यावाल्या. "आणि पडला म्हणजे?"

"पडायचेच," ड्रायव्हर काका म्हणाले, जणू तिथे हजर होते. मग त्यांनी घाटात व्हॅक्यूम गळाल्याची स्वतःची एक हकिकत काढली. केळीवाल्यांनी वॅगन कधी मिळायच्या आणि माल कसा सडायचा ते सांगितलं. डॉक्टरांनी क्षयाच्या तेव्हाच्या उपचारांविषयी दोन वाक्यं टाकली. माझ्या तारा केव्हाच्या जुळलेल्या होत्या. मी अंगठा हळू चालू ठेवला, नुसता धम्, धम्, आणि ऐकत बसलो.

नानांनी घड्याळ दाखवलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती आणि गाणी दोन.

"पाच ठरली होती," जिना उतरताना नाना म्हणाले. आवाज मुख्याध्यापकांचाच.

"हो नाना. चुकलं."

"पुढच्या पत्रिकेत काय छापू? गायन का व्याख्यान?"

"देशी छापा," मी म्हणालो. ते हसले नाहीत, पण वहीत काहीतरी लिहिलं.

रात्री भुसावळला पोचेपर्यंत साडेअकरा. तारा सैल करत होतो तेवढ्यात फोन वाजला. ड्युटीचा कॉल होता, पहाटे तीन पन्नासची गाडी, बडनेरा. पेटी बंद केली, लाइनबॉक्स, म्हणजे ड्युटीच्या सामानाची पेटी, उघडून दिव्याचे सेल बघितले आणि तीन तास झोपायला गेलो.